स्वादुपिंडापासून सुरुवात करा: उंदराचा पेशी-नकाशा आपल्या लॅपटॉपवर कसा वाचावा

विद्यापीठ अनुदान आयोगाने प्राणिशास्त्राच्या वर्गातलं विच्छेदन बंद केलं, तेव्हापासून आमच्या प्रयोगशाळेतल्या मेणाच्या ट्रे कपाटावर धूळ खात आहेत. मला त्याचं फारसं दुःख नाही. झुरळाची चेतासंस्था नीट निघाली तर त्यात मुलाचं कौशल्य किती आणि नशीब किती, हे परीक्षक म्हणून मला कधीच ठरवता आलं नाही. पण अवयव हाताळून जे कळतं, त्याची जागा नुसते व्हिडिओ घेऊ शकत नाहीत. म्हणून एम.एस्सी.च्या मुलांना मी आता 'टॅब्युला मुरिस'ची माहिती उतरवून देते आणि सांगते, स्वादुपिंड उघडा.

टॅब्युला मुरिस म्हणजे उंदराच्या वीस अवयवांमधल्या सुट्या सुट्या पेशींचा नकाशा. सॅन फ्रान्सिस्कोचं चॅन झुकरबर्ग बायोहब, स्टॅनफर्ड आणि सॅन फ्रान्सिस्कोचंच कॅलिफोर्निया विद्यापीठ यांतल्या गटांनी मिळून तो केला आणि ऑक्टोबर २०१८ मध्ये 'नेचर'मध्ये प्रसिद्ध केला. सी५७बीएल/६ वाणाचे तीन महिन्यांचे सात उंदीर, चार नर आणि तीन माद्या. माणसाच्या हिशोबात साधारण विशीतले. एकाच प्राण्याचे अनेक अवयव एकाच वेळी काढले, त्यामुळे यकृत एका वयाचं आणि फुप्फुस दुसऱ्या वयाचं अशी भेसळ नाही. हाती आल्या १,००,६०५ पेशी. त्यातल्या प्रत्येक पेशीत कोणत्या जनुकाचा किती आरएनए सापडला, याचे आकडे कुणालाही फुकट उतरवून घेता येतात.

या आकड्यांवर चालवायच्या सॉफ्टवेअरच्या पायऱ्या सोप्या आहेत. मुलं दोन-तीन बैठकांत शिकतात. अवघड आहे ती सवय. कोणताही आकडा दिसला की आधी विचारायचं, ही पेशी अवयवातून बाहेर आली कशी? हा प्रश्न विचारायचा राहिला तर नकाशातून भलतंच जीवशास्त्र वाचलं जातं. म्हणून खालच्या प्रत्येक पायरीत मी त्याच प्रश्नाकडे परत येणार आहे.

स्वादुपिंडच का

कारण त्याचं उत्तर तुम्हाला आधीच पाठ आहे. अल्फा पेशी ग्लुकॅगॉन करतात, बीटा इन्शुलिन, डेल्टा सोमॅटोस्टॅटिन, पीपी पेशी पॅन्क्रिअॅटिक पॉलिपेप्टाइड. पाचक विकरं करणाऱ्या ॲसिनार पेशी वेगळ्या आणि नलिकेच्या वेगळ्या. बारावीच्या पुस्तकातलीच जनुकं, आणि प्रत्येकाचा आवाज मोठा. नवशिक्याने मेंदूपासून सुरुवात केली तर आपलं गणित चुकलं की मेंदूच गुंतागुंतीचा आहे, हे कळायला मार्ग नसतो. इथे इन्शुलिन एका गटात गोळा झालं नाही, तर चूक तुमची.

आणखी एक सोय म्हणजे फाइल लहान आहे. पेशी दोन हजारांच्या आसपास आणि जनुकांच्या ओळी २३,४३३, म्हणजे साडेचार कोटींवर घरं, त्यातली बहुतेक शून्यं. आठ जीबी रॅमचा लॅपटॉप पुरतो. तोही नसेल तर गूगल कोलॅब आहे, म्हणजे ब्राउझरमधून गूगलच्या संगणकावर पायथन चालवायची सोय.

दोन रीती, दोन स्वभाव

उतरवण्याआधी हे समजून घ्या, नाहीतर चुकीची फाइल घ्याल. या प्रकल्पात पेशी दोन रीतींनी मोजल्या.

पहिल्या रीतीत पेशी सॉर्टर नावाच्या यंत्रातून एकेक करून ३८४ खळग्यांच्या प्लेटमध्ये टाकल्या. मग प्रत्येक खळग्यात 'स्मार्ट-सीक२' रसायनाने आरएनएची संपूर्ण लांबीची प्रत काढून वाचली. पेशी कमी, पण प्रत्येकीची माहिती खोल. वीसही अवयव या रीतीत आहेत. निकषांतून पार झालेल्या पेशी ४४,९४९. दुसऱ्या रीतीत तेलातल्या सूक्ष्म थेंबांत एकेक पेशी पकडली आणि आरएनएचं फक्त ३' टोक मोजलं. पेशी जास्त (५५,६५६), माहिती उथळ, अवयव बाराच. स्वादुपिंड या बारांत नाही.

दुसऱ्या रीतीत प्रत्येक आरएनए रेणूला स्वतःचा बारकोड असतो, त्याला यूएमआय म्हणतात. प्रती वाढवताना एका रेणूच्या हजार प्रती झाल्या तरी मोजणी एकच होते. प्लेटच्या रीतीत असा बारकोड नाही, तिथे नुसती वाचनं, म्हणजे यंत्राने वाचलेले प्रतींचे तुकडे, मोजलेली आहेत. त्यामुळे प्लेटमधला दहा हजार आणि थेंबातला दहा हजार हे एकाच मापाचे आकडे नव्हेत. दोन्ही फाइली एकाखाली एक चिकटवून आलेख काढणारा विद्यार्थी दर वर्षी भेटतो. आलेखावर सुरेख दोन बेटं दिसतात आणि तो त्यांना नवे पेशीप्रकार म्हणून नाव द्यायला निघतो.

फाइली आणि त्यातली नावं

माहिती फिगशेअर या संशोधनाच्या फाइली ठेवण्याच्या संकेतस्थळावर आहे. प्लेटच्या रीतीच्या झिप फाइलमध्ये अवयवागणिक एक सीएसव्ही असते. त्यातली स्वादुपिंडाची घ्या. मेंदूच्या मात्र दोन दिसतील, मायलॉइड आणि बिगर-मायलॉइड. असं का, ते पुढे सांगते. सोबत पेशींवर लावलेल्या नावांची म्हणजे ॲनोटेशनची एक आणि प्लेटांच्या तपशिलाची एक अशा दोन फाइली घ्या. आमच्याकडे नेट कधी चालेल याचा भरवसा नसतो, म्हणून मी या तिन्ही पेनड्राइव्हवर ठेवते आणि वर्गात फिरवते.

एक कडक सूचना: ही सीएसव्ही एक्सेलमध्ये उघडून सेव्ह करू नका. या फाइलींतल्या उंदराच्या जनुकांत 'सप्टेंबर २' आणि 'मार्च १' अशा तारखा वाटणारी लघुनावं आहेत, एक्सेल त्यांच्या खरोखर तारखा करतं. या त्रासापायी माणसाच्या त्या जनुकांची अधिकृत नावंच २०२० मध्ये बदलावी लागली. बघायचंच असेल तर पायथनमध्ये पहिल्या पाच ओळी छापून बघा.

फाइलमध्ये जनुकं ओळींत आणि पेशी स्तंभांत आहेत. पायथनमधलं 'स्कॅनपाय' हे अशा आकड्यांसाठीचं सॉफ्टवेअर आहे, त्याला उलट लागतं, म्हणून वाचल्याबरोबर तक्ता आडवा-उभा पालटून घ्या. 'आर' भाषेतलं 'स्युराट' वापरणार असाल तर पालटायची गरज नाही. दोन्हींपैकी कोणतंही चालेल. मी स्कॅनपाय शिकवते, त्यामागे तत्त्व वगैरे काही नाही. मुलांना पायथन आधीच थोडं येतं एवढंच.

आता एका स्तंभाचं नाव बघा. बिंदूंनी तुकडे पाडा. पहिला तुकडा खळग्याचा पत्ता, नाटकगृहातल्या खुर्चीसारखा, अक्षर आणि आकडा. दुसरा प्लेटचा क्रमांक. तिसऱ्यात अधोरेषांनी जोडलेल्या तीन गोष्टी: उंदराचं वय महिन्यांत, उंदराचा क्रमांक आणि लिंगासाठी एक अक्षर. हे सगळे तुकडे वेगवेगळे स्तंभ करून पेशींच्या तक्त्यात जोडा. ही पायरी बहुतेक धड्यांत नसते आणि मला ती सर्वांत महत्त्वाची वाटते. पुढे एखादा गट विचित्र वाटला की पहिला प्रश्न हाच: हा गट एकाच प्लेटमधला किंवा एकाच उंदराचा तर नाही?

जनुकांच्या लघुनावांतलं एकेक अक्षर मी इथे सुटं वाचून लिहिते. संगणकात टाकताना रोमन अक्षरं टाका, पहिलं मोठं, बाकी लहान. माणसाच्या जनुकांत सगळी मोठी असतात. माणसाच्या पेपरातली यादी जशीच्या तशी डकवली तर प्रोग्रॅम म्हणतो 'सापडलं नाही', आणि मुलं मला म्हणतात, 'मॅडम, या स्वादुपिंडात इन्शुलिनच नाहीये.'

सफाई

ज्यांची नावं 'ईआरसीसी' ने सुरू होतात अशा ९२ ओळी आधी बाजूला काढा. ती उंदराची जनुकं नाहीत. मापाला आधार म्हणून प्रत्येक खळग्यात मुद्दाम घातलेले कृत्रिम आरएनए आहेत. काढण्यापूर्वी मात्र प्रत्येक पेशीत त्यांचा वाटा किती टक्के ते मोजून ठेवा. वाटा खूप मोठा असेल तर त्या खळग्यात पेशीचा स्वतःचा आरएनए फार थोडा होता, म्हणजे पेशी मेलेली, फुटलेली किंवा मुळात पडलीच नव्हती.

मग मूळ प्रकल्पाचाच निकष लावा: ज्या पेशीत किमान ५०० जनुकं दिसली आणि किमान ५०,००० वाचनं मिळाली तेवढ्याच ठेवा. थेंबांच्या फाइलींसाठी ५०० जनुकं आणि १,००० यूएमआय. हे आकडे गाळण्यापूर्वी दोन्हींचा एकेक हिस्टोग्राम काढा आणि निकषाची रेघ नेमकी कुठे पडते ते डोळ्यांनी बघा. रेघ डोंगराच्या मधोमध पडत असेल तर तुम्ही कचरा गाळत नसून एखादा कमी आरएनएचा पेशीप्रकारच हाकलत आहात. लिम्फोसाइटमध्ये मुळातच आरएनए कमी असतो. तिला ॲसिनार पेशीचा नियम लावणं अन्याय आहे.

मायटोकॉन्ड्रियाच्या जनुकांचा वाटा पाच टक्क्यांवर गेला की पेशी फेकायची, असा एक नियम इंटरनेटवर सगळीकडे सापडतो. तो रक्ताच्या पेशींवर बरा चालतो. हृदय आणि मूत्रपिंडाच्या पेशी मायटोकॉन्ड्रियांनी गच्च भरलेल्या असतात, तिथे हा नियम निरोगी पेशीच फेकतो. आणि लावण्याआधी तुमच्या फाइलमध्ये ती जनुकं आहेत का, एवढं तरी बघा. नसतील तर टक्का शून्य येतो आणि 'सगळ्या पेशी उत्तम' असं समाधान मिळतं.

शेवटी 'आरएन४५एस' कडे लक्ष द्या. प्लेटच्या फाइलींत हे नाव सर्वांत मोठ्या आकड्यांत दिसतं. हा रायबोसोमच्या आरएनएचा पूर्वज. तो पेशीगणिक फार हलतो आणि त्याच्या हलण्याचा पेशीच्या प्रकाराशी संबंध कमीच. गट पाडण्याआधी मी तो काढून टाकते.

एका मापावर आणणं

प्रत्येक पेशीची एकूण वाचनं वेगळी असतात, म्हणून प्रत्येकीची बेरीज एका आकड्यावर आणतात. प्लेटसाठी दहा लाख, थेंबांसाठी दहा हजार. मग एक मिळवून लॉगॅरिथम घ्या. स्कॅनपायमध्ये दोन ओळींचं काम.

स्वादुपिंडात इथे एक मेख आहे. बीटा पेशीच्या आरएनएमध्ये इन्शुलिनचा वाटा अवाढव्य असतो, ॲसिनार पेशीत पाचक विकरांचा. एकूण बेरीज दहा लाखांत बसवायची म्हटली की इन्शुलिन जेवढी जागा खातं, तेवढी बाकीची हजारो जनुकं दबतात. मग अल्फा आणि बीटा यांची तुलना करताना अशी शेकडो जनुकं 'बीटात कमी' दिसतात, जी प्रत्यक्षात कमी झालेलीच नसतात. उपाय सोपा आहे: बेरीज करताना अतिप्रबळ जनुकं हिशोबातून वगळण्याचा पर्याय स्कॅनपायमध्ये आहे, तो चालू करा. वगळायचं फक्त बेरजेतून, तक्त्यातून नाही. मुलांना मी दोन्ही करून बघायला लावते आणि आलेख शेजारी शेजारी चिकटवायला सांगते.

यापुढचं भरभर. सर्वांत जास्त बदलणारी २,००० जनुकं निवडा, पीसीए करा (हजारो जनुकांतला फरक मोजक्या घटकांत गोळा करायची रीत), पहिले वीस-तीस घटक घ्या, सारख्या पेशी जोडणारं शेजाऱ्यांचं जाळं बांधा, 'लायडन' या पद्धतीने गट पाडा, सारख्या पेशी जवळ दाखवणारा 'यूमॅप' आलेख काढा. ठरलेले आकडे चालतात. यूमॅपवर दोन गट एकमेकांपासून लांब दिसले म्हणून ते जीवशास्त्रातही लांबचे आहेत असं मानू नका. तो आलेख डोळ्यांसाठी आहे, मोजपट्टी लावण्यासाठी नाही.

नाव ठेवणं

गटांवर क्रमांक असतात. आता एकेक जनुक घेऊन यूमॅप रंगवा. आयएनएस१ आणि आयएनएस२ (उंदराला इन्शुलिनची दोन जनुकं आहेत, माणसाला एक) जिथे पेटतील त्या बीटा. जीसीजी म्हणजे अल्फा, एसएसटी म्हणजे डेल्टा, पीपीवाय म्हणजे पीपी. सीपीए१ ॲसिनार, केआरटी१९ नलिका. पीईसीएएम१ रक्तवाहिन्यांचं अस्तर. पीटीपीआरसी कोणतीही पांढरी पेशी. पीडीजीएफआरए आणि पीडीजीएफआरबी दिसले तर स्टेलेट, म्हणजे आधार देणाऱ्या ऊतकातल्या पेशी.

एकाच जनुकावर नाव ठेवू नका. हार्मोनची जनुकं इतकी बोलकी आहेत की पेशी फुटल्यावर त्यांचा आरएनए द्रावणात तरंगत राहतो आणि परक्या पेशीसोबतही वाचला जातो. थोडं इन्शुलिन सगळीकडे दिसणारच. म्हणून जोडीला त्या पेशीचा लिप्यंतरण घटक, म्हणजे जनुकं चालू-बंद करणारं प्रथिन, त्याचं जनुक बघा. बीटासाठी पीडीएक्स१ आणि एमएएफए, अल्फासाठी एआरएक्स, डेल्टासाठी एचएचईएक्स. यांचे आकडे छोटे असतात, पण ते बाहेर सांडत नाहीत. हार्मोन आणि घटक दोन्ही एकाच गटात जमले की मगच नाव लिहायचं. मूळ संशोधकांनीही सर्व अवयवांतले पेशीप्रकार एकमेकांपासून ओळखण्यात हे घटक किती उपयोगी पडतात, ते वेगळं तपासून दाखवलं आहे.

एसएसटीचा गट आणि पीपीवायचा गट वेगळे झाले नाहीत तर घाबरू नका. पीपी पेशी या फाइलमध्ये शंभराच्याही आत आहेत. लायडनचं 'रेझोल्यूशन' ०.५ वरून १ किंवा १.५ करा. फार वाढवलंत तर बीटाचेच चार तुकडे होतील. तेव्हा प्लेट आणि उंदीर यांचे ते वेगळे काढलेले स्तंभ रंगवून बघा. बहुतेक वेळा तुकडे तिथेच सापडतात.

हे सगळं झाल्यावरच ॲनोटेशनची फाइल उघडा आणि तिच्यातल्या नावांशी आपली नावं ताडून बघा. जोडणी पेशीच्या नावावरून करा, ओळींच्या क्रमावरून नाही. तुमच्याकडच्या काही पेशी त्यात सापडणार नाहीत.

इथे थांबा आणि मोजा

आता माझा आवडता तास. मुलांना सांगते, प्रत्येक प्रकारच्या पेशी किती ते फळ्यावर लिहा.

ॲनोटेशनमध्ये स्वादुपिंडाच्या सुमारे दीड हजार पेशी आहेत. बीटा साडेचारशेच्या आसपास, अल्फा चारशेच्या जरा खाली, मग डेल्टा आणि पीपी. चौघी मिळून सुमारे दोनतृतीयांश. ॲसिनार पेशी दोनशेसुद्धा नाहीत.

आता पुस्तक उघडा. लँगरहॅन्सची बेटं सबंध स्वादुपिंडाच्या एक-दोन टक्के असतात. बाकी जवळजवळ सगळा कारभार ॲसिनार पेशींचा. म्हणजे नकाशात प्रमाण पार उलटं झालं आहे. शिवाय उंदराच्या बेटात बीटा पेशी ढोबळमानाने चारात तीन आणि अल्फा जेमतेम पाचात एक. इथे मात्र दोघी जवळजवळ बरोबरीने उभ्या. ॲसिनार पेशी पाचक विकरांनी, त्यातही आरएनए कापणाऱ्या विकराने भरलेली असते. ती दुखावली की स्वतःचाच आरएनए खाते. पेशी सुट्या करायला कोणता भाग किती वेळ विकरात ठेवला, सॉर्टरवर कोणती पेशी निवडली, निकषात कोण टिकलं, या सगळ्यांतून हे आकडे आले आहेत. त्यांवरून अवयवाची रचना सांगणं म्हणजे वरातीत नाचणाऱ्यांवरून गावाची लोकसंख्या काढणं.

मेंदूत हे आणखी टोकाला जातं. त्या दोन फाइली आठवा. मायलॉइड फाइलमध्ये मायक्रोग्लिया, म्हणजे मेंदूतल्या भक्षक पेशी, चार हजारांहून जास्त. दुसऱ्या फाइलमध्ये चेतापेशी, म्हणजे ज्यांच्यामुळे मेंदूला मेंदू म्हणायचं त्या, तीनशेसुद्धा नाहीत. उंदराच्या मेंदूत चेतापेशी सुमारे सात कोटी असतात. पण त्यांचे लांब धागे मेंदू विरघळवताना तुटतात आणि पेशी मरते. मायक्रोग्लिया आटोपशीर, त्या तगतात. शिवाय त्यांना वेगळं निवडून वेगळ्या प्लेटांत टाकलं होतं, म्हणून त्यांची फाइलही वेगळी. हृदयाचंही तसंच. स्नायूची पेशी शंभर मायक्रोमीटर लांब, थेंबाच्या यंत्रात मावणारी नव्हे. त्यामुळेच पुढच्या काळात अनेकांनी पेशीऐवजी नुसतं केंद्रक काढून वाचायला सुरुवात केली. २०२२ चा माशीचा नकाशा, 'फ्लाय सेल ॲटलस', केंद्रकांवर केलेला आहे.

तेव्हा या नकाशाला विचारायचा प्रश्न 'किती?' नसतो. 'या प्रकारच्या पेशीत काय चाललं आहे?' आणि 'हाच प्रकार दुसऱ्या अवयवात वेगळा वागतो का?' हे प्रश्न त्याला झेपतात.

एकच पेशी, वेगवेगळी घरं

दुसऱ्या प्रश्नासाठीच वीस अवयव एकत्र आहेत. भक्षक पेशी, म्हणजे मॅक्रोफेज घ्या. मेंदूची मायलॉइड फाइल, यकृत आणि प्लीहा, तिन्ही प्लेटच्या रीतीतल्या. पीटीपीआरसी असलेल्या पेशी वेगळ्या काढा आणि एकत्र जोडा. मेंदूतल्यांत पी२आरवाय१२ आणि टीएमईएम११९ दिसतील, यकृतातल्या कुफर पेशींत सीएलईसी४एफ, प्लीहेच्या लाल गरातल्यांत एसपीआयसी. कुळ एक, पण जिथे राहतात तिथलं काम अंगी भिनलेलं. काही अवयवांत हाती मोजक्याच पेशी लागतील. तेवढ्यावर निष्कर्ष काढू नका, 'दिसल्या' एवढंच लिहा.

त्यात एफओएस आणि जेयूएन ही जनुकं कुठे फार वर दिसली तर आनंदी होऊ नका. ऊतक ३७ अंशांवर विकरात ठेवलं की जिवंत पेशी त्या त्रासाला उत्तर देतात आणि हीच जनुकं आधी चालू होतात. २०१७ मध्ये नेदरलँड्समधल्या संशोधकांनी उंदराच्या स्नायूंतल्या सॅटेलाइट पेशींवर हे दाखवून दिलं. ज्या अवयवाला सुटं व्हायला जास्त वेळ लागतो, त्याच्या पेशींत हे जास्त दिसू शकतं. तुम्हाला वाटेल अवयवाचा फरक सापडला, आणि सापडलेला असतो तो टेबलावरचा अर्धा तास.

थेंबांच्या फाइलींवर गेलात तर दोन गोष्टी जास्तीच्या बघा. एका थेंबात दोन पेशी शिरतात. मिळालेल्या दर हजार पेशींमागे हे प्रमाण साधारण ०.८ टक्क्याने वाढतं. बी-पेशी आणि यकृतपेशी दोघींची जनुकं एकाच 'पेशीत' दिसली तर नवा प्रकार जाहीर करण्याआधी अशा जोड्या ओळखणारा 'स्क्रब्लेट' प्रोग्रॅम चालवा. दुसरं, लिंग तपासा. एक्सआयएसटी माद्यांत, डीडीएक्स३वाय नरांत. स्तनग्रंथीच्या पेशी अर्थातच माद्यांच्याच आहेत. यकृतात तर नर आणि मादीच्या पेशी आपापले वेगळे गट करून बसतात, आणि नराच्या यकृतातली एमयूपी कुळातली जनुकं हे त्याचं एक कारण.

पी-व्हॅल्यूची सूज

नर-मादी तुलना सुरू झाली की मुलं दहाचा उणे ऐंशीवा घात असली पी-व्हॅल्यू (खरा फरक नसताना एवढा फरक योगायोगाने दिसण्याची शक्यता) घेऊन येतात. हजार पेशी म्हणजे हजार नमुने, असं प्रोग्रॅमला वाटतं. प्राणी मात्र सात आहेत, आणि एखाद्या अवयवात त्याहूनही कमी. एका उंदराच्या पाचशे पेशी एकमेकींच्या सख्ख्या. तो उंदीर त्या दिवशी घाबरलेला असेल तर पाचशेही जणी घाबरलेल्या दिसतील. म्हणून प्रत्येक उंदराच्या, प्रत्येक प्रकारच्या पेशींचे मूळ आकडे बेरीज करून एकेक रांग बनवा आणि चाचणी त्या रांगांवर लावा. पी-व्हॅल्यू एकदम माणसात येतात. तीन विरुद्ध चार उंदरांत फारसं काही सिद्ध होत नाही, असं दिसलं तर तसंच लिहा. प्रकल्प-अहवालात त्याचे गुण मी कापत नाही.

यानंतर ज्यांना पुढे जायचं आहे त्यांच्यासाठी २०२० चा 'टॅब्युला मुरिस सेनिस' आहे: २३ ऊतकं, साडेतीन लाखांवर पेशी, एक महिन्यापासून तीस महिन्यांपर्यंतचे उंदीर. माणसाचा 'टॅब्युला सेपियन्स' २०२२ मध्ये आला, तेव्हा त्यात जवळजवळ पाच लाख पेशी होत्या. दोन्ही 'सेलबायजीन'च्या संकेतस्थळावर ब्राउझरमध्येच रंगवून बघता येतात, काही उतरवावं लागत नाही. माझ्या वर्गाला पुढच्या सत्रात सेनिसमधलं मूत्रपिंड आहे. पहिलं काम ठरलेलं: तीन महिन्यांचे आणि चोवीस महिन्यांचे उंदीर कोणत्या रीतीत किती आहेत, त्यात नर किती आणि माद्या किती, याचा तक्ता आधी वहीत काढायचा. तो दाखवल्याशिवाय लॅपटॉप उघडू देत नाही.